चौदा नंबरचा घोडा

माझ्या बायकोला आमच्या भागात नावाने कोणी ओळखत नाही. ती ड्रायव्हरबाई. सव्वीस वर्षं तिने चौदा नंबरची बस चालवली, डेपोपासून जुन्या वीटभट्टीच्या शेवटच्या थांब्यापर्यंत आणि परत, दिवसाला सहा फेऱ्या. मी शिंपी. लोक मला मास्तर म्हणतात आणि घरात तीही मास्तरच म्हणते, फक्त तिच्या म्हणण्यात आदर जरा कमी असतो. आमचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे आणि चौदा नंबरचा रस्ता बरोबर दारावरून जातो. सहा फेऱ्या म्हणजे ती दिवसातून बारा वेळा दुकानासमोरून जायची आणि बाराही वेळा न चुकता हॉर्न द्यायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय प्रेम आहे. खरं म्हणजे मी मशीनवर डुलक्या काढतोय का, हे तपासायची तिची ती पद्धत होती.

ती निवृत्त झाली तेव्हा डेपोने तिला फुलं दिली आणि भिंतीवरचं एक मोठं घड्याळ दिलं. ज्या माणसाला आता वेळ पाळायची नाही त्याला लोक घड्याळच का देतात, हे मला अजून कळलेलं नाही. पहिले आठ दिवस ती झोपली. मग खुर्ची घेऊन खिडकीशी बसायला लागली. समोरून चौदा नंबर गेली की घड्याळाकडे बघायची आणि म्हणायची, "चार मिनिटं उशीर." किंवा, "ब्रेक कसा मारतोय बघा, आतली माणसं सांडतील." नवीन ड्रायव्हर पोरगेलासा होता, त्याला बिचाऱ्याला पत्ताही नव्हता की त्याची रोज बारा वेळा परीक्षा चाललीय.

तोवर ठीक होतं. पण एक दिवस बस गेली आणि तिने मान वर केली नाही. पुढे पुढे ताट अर्धं राहायला लागलं. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे, रक्तदाब तर तुमच्यापेक्षा चांगला आहे. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत भांडणात मी एकदाही जिंकलो नव्हतो, आणि आता मी काहीही बोललो तरी ती नुसतं "बरं" म्हणायची. असं जिंकून काय करायचं? मला भीती वाटत होती. मला माझी बायको परत हवी होती, बाकी काही नको होतं.

आमची मुलगी दुसऱ्या शहरात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. ती चार दिवसांसाठी आली ती बगलेत एक काळा खोका घेऊन. तिने स्वतःसाठी व्हिडिओ गेमचं नवीन यंत्र घेतलं होतं, जुनं आईला आणलं होतं. दुकानामागच्या खोलीत टीव्हीला तिने तो जोडला आणि आईला समजावून सांगितलं. एक मोठं राज्य आहे. राजाचा मुकुट हरवलाय. उत्तरेच्या डोंगरावर ड्रॅगन जागा झालाय. तू एक वाटसरू आहेस, तुझ्याकडे तलवार आहे, घोडा आहे. ड्रॅगनला मारायचं, मुकुट शोधायचा. मी मधल्या दारातून कापड कापता कापता ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, पोरीचं डोकं फिरलंय.

"तो लांबचा डोंगर दिसतोय ना, आई? ते नुसतं चित्र नाहीये," मुलगी म्हणाली. "तिथे जाता येतं. जे जे दिसतं, तिथे जाता येतं."

"आणि तिकडे काय आहे?"

"ते मी नाही सांगणार."

बायकोने कंट्रोलर हातात घेतला तो केवळ मुलीचं मन मोडू नये म्हणून. पहिल्या दिवशी तिने घोडा तीनदा भिंतीवर घातला आणि दोनदा नदीत. पण सव्वीस वर्षं स्टिअरिंग धरलेले हात ते. मुलगी परत गेली त्या दिवशी घोडा कडेकडेने, वळणावर वेग कमी करत, अगदी शिस्तीत चालला होता. त्याचं नाव तिने ठेवलं होतं चौदा.

पुढचे तीन आठवडे तिने काय केलं ते सांगतो. एका गावात मोठी विहीर होती आणि लांब समुद्रकाठी एक बंदर होतं. दोन्हींच्या मध्ये बरा रुंद रस्ता होता. ती सकाळी विहिरीपासून निघायची, बंदराला जायची, घोडा वळवायची आणि परत विहिरीला यायची. वाटेत रस्त्याच्या कडेला कोणी शेतकरी, कोणी शिपाई, कोणी म्हातारी उभी दिसली की ती घोडा थांबवायची, मनात तीन मोजायची आणि पुढे निघायची. त्या माणसांपैकी एकही जण कधी घोड्यावर बसला नाही.

मी एकदा न राहवून म्हणालो की अगं, ती खेळातली माणसं आहेत, त्यांना कुठेही जायचं नाही.

"तो त्यांचा प्रश्न," ती म्हणाली. "थांबणं माझं काम."

माझ्या कटिंगच्या खाकी कागदावर तिने खडूने वेळापत्रक लिहून टीव्हीशेजारी चिकटवलं. कधीतरी ड्रॅगन डोक्यावरून आग ओकत जायचा. तेव्हा ती, मंत्र्याच्या गाड्यांचा ताफा जाऊ द्यावा तसा, घोडा बाजूला घ्यायची आणि आकाश मोकळं झालं की निघायची. तलवार म्यानातून एकदाही बाहेर आली नाही. संध्याकाळी मुलीचा फोन यायचा, मुकुट मिळाला का, ड्रॅगन दिसला का. ही सांगायची, सगळ्या फेऱ्या वेळेत झाल्या. शेवटी मुलीने मला वेगळा फोन केला आणि कपाळाला हात लावल्याच्या सुरात म्हणाली, "बाबा, एवढं अख्खं जग दिलं तिला, आणि तिने त्याचा बसमार्ग केला."

मी बायकोची बाजू घेतली. ती जेवत होती, चार शब्द बोलत होती, मला तेवढं पुरे होतं. पण मनातून मलाही कळत होतं. ते चार शब्दही वेळेचेच होते, आणि सहाव्या फेरीनंतर कंट्रोलर ठेवला की ती पुन्हा खिडकीशी जाऊन गप्प बसायची.

मग एका रविवारी मुलगी आली. आई अंघोळीला गेलेली पाहून तिने कंट्रोलर उचलला आणि म्हणाली, जरा गोष्ट पुढे नेते. तिने जे काही केलं त्याने ड्रॅगन भलताच चिडला. आई बाहेर आली, केस पुसत बसली, सकाळच्या फेरीला निघाली, आणि अर्ध्या वाटेवर घोडा अडला. नदीवरचा लाकडी पूल जळून गेला होता. चार काळे खांब पाण्यात उभे होते आणि एक शिपाई काहीतरी बडबडत होता. मुलीने खाली मान घालून अर्थ सांगितला: पूल गेलाय, दुसऱ्या रस्त्याने जा.

बायको पडद्याकडे बघत राहिली. मी कैची खाली ठेवली. मला वाटलं, संपलं, आता ही हेही सोडणार आणि खिडकीशी जाऊन बसणार. मुलीकडे मी असं पाहिलं की ती जागच्या जागी आक्रसली.

"डायव्हर्शन," बायको म्हणाली, आणि हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा हसली.

मग तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगायला लागली. सव्वीस वर्षांत तिला अकरा वेळा डायव्हर्शन मिळालं होतं. सगळ्यात मोठं नऊ दिवसांचं, मुख्य रस्त्यावर पाण्याची पाइपलाइन फुटली तेव्हाचं. बस शाळेमागच्या गल्लीतून न्यावी लागायची. झाडांच्या फांद्या काचेला घासायच्या. पहिल्या मजल्यावर एक बाई कपडे वाळत घालायची, खिडकीतून हात काढला असता तर तिला चिमटा देता आला असता. बेकरीच्या मागच्या दाराशी एक म्हातारा रोज बूट पॉलिश करत बसलेला असायचा, आणि चौथ्या दिवसापासून तो हिला सलाम ठोकायला लागला. प्रवासी उशीर झाला म्हणून शिव्या घालत होते, आणि ही मात्र ते नऊ दिवस सकाळी डेपोत कामावर दहा मिनिटं आधी पोचत होती. दहाव्या दिवशी पाइप दुरुस्त झाला तेव्हा तिला रडू आलं होतं.

"मला कधी बोलली नाहीस," मी म्हणालो.

"तुम्ही रोज विचारायचात, आज गर्दी होती का. मी सांगायचे, होती."

तिने कंट्रोलर उचलला, घोड्याचं तोंड रस्त्यावरून वळवलं आणि सरळ झाडीत घातलं.

त्यानंतर ती त्या रस्त्यावर परत आलीच नाही. वेळापत्रकाचा कागद मी दुसऱ्या दिवशी एका पँटच्या कटिंगला वापरला. ती दलदलीत फसली, लांडग्यांनी तिला दोनदा खाल्लं, एका मधमाश्या पाळणाऱ्याने तिला मधाचं हरवलेलं पोळं शोधायला पाठवलं आणि ती मुकाट गेली. मुकुटाचं नाव नाही, ड्रॅगनचं नाव नाही. मला आधी वाटायचं, खेळ म्हणजे जिंकणं. एकदा तिने एका उंच सुळक्यावर चढायला अख्खी सकाळ घातली. वर खजिना नाही, राक्षस नाही. एक मोडकी लाकडी खुर्ची, समुद्राकडे तोंड करून ठेवलेली. आम्ही दोघं बराच वेळ बोलत बसलो, ही खुर्ची इथे कोणी आणली असेल आणि तो माणूस संध्याकाळी घरी कसा जात असेल. इतक्या वर्षांत आम्ही इतका वेळ एका गोष्टीवर बोललो नव्हतो. मी मशीन फिरवून टीव्हीकडे तोंड करून ठेवलं. त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या आणि मला त्या मुकाट्याने उसवाव्या लागल्या. रस्त्याकडेच्या माणसांसाठी थांबणं मात्र तिचं सुटलं नाही.

एका सकाळी चहा पिताना तिने विचारलं, "मास्तर, वीटभट्टीच्या पुढे काय आहे?"

मी म्हणालो, सव्वीस वर्षं तिथे तू जात होतीस, मला काय विचारतेस. त्यावर ती म्हणाली की तिथून तर ती गाडी वळवायची. समोर एक अरुंद रस्ता वर चढतो आणि झाडांत शिरतो. गाडी वळली की तो आरशात यायचा, दिवसाला सहा वेळा, आणि मागे राहायचा.

"आज जाऊ," ती म्हणाली.

मी एका कोटाचं अस्तर सांगितलं, गुडघा सांगितला, चार वाजता येणारं गिऱ्हाईक सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि खाकी कागदावर खडूने लिहिलं: डायव्हर्शन, उद्या या. मुलीच्या जन्माचा दिवस सोडला तर कामाच्या दिवशी मी दुकान कधी बंद ठेवलेलं नाही. तिने तो कागद दाराला लावला, तेव्हा मला परक्याच्या घरात शिरल्यासारखं अवघडायला झालं.

दुपारी आम्ही डेपोत जाऊन चौदा नंबर धरली. नव्या ड्रायव्हरने तिला चढताना पाहिलं आणि पाठ ताठ केली. सगळ्या थांब्यांवर त्याने ब्रेक इतका हळू दाबला की मागचे लोक वैतागले. ती खिडकीशी बसली होती. आमचं दुकान आलं तेव्हा म्हणाली, "किती लहान दिसतं इथून." थोड्या वेळाने म्हणाली, "याने हॉर्न दिला नाही." मी म्हणालो, दुकान बंद आहे, कोणाला उठवणार.

शेवटच्या थांब्यावर आम्ही दोघंच उतरलो. बस वळली आणि गेली. इंजिनाचा आवाज थांबेपर्यंत ती पाठमोरी उभी राहिली, मग चालायला लागली. चढ खडा होता. मी दोनदा बसलो, ती एकदाही नाही. अर्ध्या तासाने झाडं संपली आणि वर आलो. वर काय होतं? मोबाइलचा टॉवर, त्याभोवती तारेचं कुंपण आणि एक नळ, ज्याला पाणी नव्हतं.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. माझा जीव टांगणीला लागला होता. इतक्या वर्षांचा तो आरशातला रस्ता, आणि त्याच्या शेवटी हे. ती मागे वळली. खाली सगळं गाव पसरलं होतं आणि त्यातून चौदा नंबरचा रस्ता गेला होता, डेपोच्या पत्र्यांपासून वीटभट्टीच्या धुराड्यापर्यंत, एका नजरेत मावेल एवढा. त्यावरून बस चालली होती. ती बघत राहिली आणि मग हसायलाच लागली, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"एवढाच होता की हो," ती म्हणाली.

मलाही हसू आलं, कारण हे हसणं माझ्या ओळखीचं होतं. ती परत आली होती. मी चष्मा पुसायच्या निमित्ताने दुसरीकडे तोंड फिरवलं, आणि तेव्हा मला दिसलं की टॉवरच्या पलीकडून एक पायवाट उतरते. दोन दगडी भिंतींमधून ती खाली जात होती. तळाशी लाल कौलं होती आणि त्यांच्या पुढे काहीतरी चमकत होतं, पाणी असावं. चार वाजून गेले होते. कोटवाला आमच्या बंद दारासमोर उभा असणार.

"ही खाली कुठे जाते?" मी विचारलं.

"ते मी नाही सांगणार," ती म्हणाली आणि उतरायला लागली.

दहा-बारा पावलं गेली आणि थांबली. मी अजून कडेलाच उभा होतो, आणि कडेला कोणी उभं असलं की ती थांबतेच. तिने तीन मोजले असतील. तेवढ्यात मी निघालो.