चौकशीला आलेले पाहुणे

बाबांना आडवं झोपता येईना, तेव्हा आईने आधी दोष उशीला दिला. उशीतला कापूस बदलला, मग खाटेची दिशा बदलली. शेवटी नेपियर टाउनमधल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि सांगितलं, हृदय थकलंय, म्हणून अंगात पाणी साठतंय. मीठ बंद, दगदग बंद आणि आठवड्यातून दोनदा लघवी होण्याचं इंजेक्शन. यातलं मीठ बंद करणं तेवढं आम्हाला परवडण्यासारखं होतं.

सरकारी दवाखान्यात हृदयाचं औषध बाटलीत फुकट मिळे. इंजेक्शन मात्र बाहेरून आणावं लागे. बाबा एका कापडवाल्या शेठकडे पत्रव्यवहार पाहायचे. शेठने 'आराम करो' असा प्रेमाचा निरोप पाठवला, पगार पाठवला नाही.

शहरातली मराठी मंडळी गरीब रुग्णांसाठी एक फंड चालवायची. अर्ज केला की पंचांपैकी दोघे घरी येऊन परिस्थिती पाहत आणि मग मदत ठरे. अर्ज मी लिहिला. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि माझं अक्षर बरं होतं. मी 'अत्यंत हलाखीची परिस्थिती' असं लिहिलं होतं. बाबांनी त्यातलं 'अत्यंत' खोडायला लावलं.

पंच रविवारी येणार असा निरोप आला. दोन मोठी माणसं घरी येणार म्हटल्यावर ती कशासाठी येणार हे आई साफ विसरली. शेजारच्या काकूंकडून सतरंजी, दोन खुर्च्या आणि फुलाफुलांचे कप आले. मामाने पनागरहून पाठवलेले मटार पोह्यांत पडले आणि घरातलं उरलंसुरलं तूप शिऱ्यात.

"आई, ते आपली गरिबी पाहाले येऊन राह्यले," मी म्हटलं.

"मंग? उपाशी पाठवू त्यांना?"

बाबा तिच्याही पुढे. त्यांनी कोट चढवला, टोपी घातली, धोतर खाली ओढून सुजलेले घोटे झाकले आणि टांगा थांबल्याबरोबर दारात जाऊन उभे राहिले. एक पंच वकील होते, दुसरे निवृत्त हेडमास्तर. खुर्चीवर बसता बसता वकीलसाहेबांनी विचारलं, "काय, प्रकृती कशी आहे?"

"उत्तम," बाबा म्हणाले. "आपली कृपा."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तो हातातून सुटला असता तर निदान विषय बदलला असता, पण कप काकूंचे होते. मला बाबांचा राग आला. शिऱ्याचाही आला.

पोहे आले तेव्हा मास्तर म्हणाले, "आपणही घ्या हो, आम्ही एकटे कसे खाणार?" यजमानाने घास घेतल्याशिवाय पाहुण्याने घ्यायचा नाही, हे दोन्ही बाजूंना पाठ होतं. बाबांनी बशीभर पोहे खाल्ले, वर लोणच्याची फोड. दीड महिन्यानंतर जिभेला मीठ लागलं होतं. चेहरा इतका खुलला की मास्तरांनी तब्येतीचं कौतुक केलं. निघताना बाबा दोघांना टांग्यापर्यंत पोचवून आले.

आठ दिवसांनी पत्र आलं. अर्जदार गरजू दिसत नसल्याने मदत देता येत नाही, असं त्यात होतं.

"काहून बरं?" आई म्हणाली. "खाल्लं तर पोटभर होतं."

तोवर सूज गुडघ्यांच्या वर गेली होती आणि बाबा बसल्या जागी धापा टाकत होते. पोह्यांनी बिघडलं असं डॉक्टर काही म्हणाले नाहीत. त्यांना पोहे कोणी सांगितलेच नव्हते. रात्रभर बाबांचा श्वास ऐकून मी फार घाबरले. सकाळी कोणाला न सांगता वकीलसाहेबांच्या घरी चालत गेले आणि त्यांच्या ओसरीवरच रडायला लागले. आमच्या घरात कोणी बोललं नव्हतं ते सगळं बोलून टाकलं: खुर्च्या कोणाच्या, कप कोणाचे, बाबांनी घोटे कशाला झाकले.

"अच्छा," वकीलसाहेब म्हणाले. मग आत जाऊन कोट घालून आले. "चलो, बेटा."

या वेळी निरोप नव्हता, त्यामुळे आईच्या हाताशी काहीच नव्हतं. बाबा भिंतीला टेकून बसले होते. वकीलसाहेबांना दारात पाहून ते उठायला गेले. एक हात खाटेवर टेकला, दुसरा आईच्या खांद्यावर ठेवला. दोनदा प्रयत्न केला, उठवेना.

"माफ करा," ते म्हणाले, "बसूनच नमस्कार करतो." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सगळ्या आजारपणात मी बाबांना तेवढं एकदाच रडताना पाहिलं.

वकीलसाहेबांनी आईला फक्त डॉक्टरांचं नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी इंजेक्शनं सुरू झाली, फंडाच्या खर्चाने.

घरातली गोष्ट बाहेर सांगितली म्हणून बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी सूज उतरू लागली, तसं बोलणंही सुरू झालं. पुढे ते आठ महिने जगले आणि ते महिने चांगले गेले. ते गेल्यावर डॉक्टर म्हणाले, हे थोडं आधी सुरू व्हायला हवं होतं. किती आधी, ते मी विचारलं नाही. पंच पहिल्यांदा आले त्या रविवारी मी त्यांच्यासमोर उभी होते, मला सगळं ठाऊक होतं आणि मी एक शब्द बोलले नाही.