ऋतिकाचं गाऱ्हाणं

टिळकवाडीतल्या चित्रकलेच्या क्लासात ऋतिका शिकवायची, आणि खानापूरकडच्या आपल्या गावातून रोज बसनं येताना मोबाईलवर जपानी ॲनिमे बघायची. बघता बघता तिनं स्वतःचीच एक नायिका काढली, तेजस्वी नावाची. डोळे बशीएवढे, केस निळे, आणि देवीच्या वरदानामुळं अंगात एवढं बळ की एका हातानं डोंगर उचलावा. तिच्या चित्रकथेची चाळीस पानं झाली. ऋतिकाला तिचा कोण अभिमान!

क्लासातल्या दहा वर्षांच्या चिन्मयीनं ती पानं एका दमात वाचली आणि विचारलं, "मिस, हिच्यात एवढी पॉवर आहे, मग ही दर वेळी देवी सांगेल तेवढंच का करते? हिला स्वतःला काय पाहिजे?"

प्रश्न वर्मी लागला. त्याच आठवड्यात बंगळूरच्या एका स्टुडिओनं ऋतिकाला चित्रं काढायच्या नोकरीवर बोलावलं होतं, आणि सोमवारपर्यंत कळवायचं होतं. घरी रीतीप्रमाणं देवीला कौल लावला गेला. वडील मष्णूअण्णांनी 'पोरीला पाठवू काय?' म्हणून गाऱ्हाणं घातलं आणि देवीच्या डाव्या खांद्यावरचं फूल पडलं. डावं म्हणजे नको. विषय संपला. जिला जायचं होतं तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिनंही तोंड उघडलं नव्हतं. त्याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं.

रविवारी सकाळी ती नारळ घेऊन एकटीच देवळात गेली. पुजारी भरमाआप्पांनी सवयीनं देवीच्या खांद्यांवर चिकटवायची फुलं भिजवायला घेतली.

"कौल नको, आप्पा," ती म्हणाली. "मी विचारायला आलेली न्हाय. मी बंगळूरला जाणार हाय, एवढं तिला सांगा. आणि राखण कर म्हणा."

आप्पांची हयात कौल लावण्यात गेलेली. असलं गाऱ्हाणं कुणी आणलं नव्हतं. ते जरा घुटमळले. मग फुलं ताटात ठेवून त्यांनी नारळ फोडला आणि ती म्हणाली तसंच्या तसं देवीच्या कानावर घातलं.

घरी येऊन तिनं अण्णांना सगळं सांगितलं. अण्णा चिडले, त्याहून जास्त घाबरले, आणि उंबऱ्यावर जाऊन बसले. शेवटी त्यांनी विचारलं, "मग देवी काय म्हणाली?"

"तिनं ऐकून घेतलं."

अण्णा उठले. माळ्यावरची बॅग खाली काढून तिच्यावरची धूळ झटकत म्हणाले, "मग मीबी ऐकतो. गाडी लोंढा स्टेशनावरनं धर. बसायला जागा घावती."