उजेडाचा ठराव

कोलकात्यातल्या आम्हा मराठी मंडळींची एक जुनी दुमजली इमारत आहे, एस्प्लनेडहून चालत जाता येईल अशा गल्लीत. खाली वाचनालय, वर सभागृह. बँकेच्या बदलीवर मी इथे आलो आणि इथेच निवृत्त झालो, म्हणून कार्यकारिणीत आहे. दुसरी पात्रता नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजता वाचनालयात एक काकू मुलांना मराठी शिकवतात. मुलं घरात मराठी ऐकतात, शाळेत इंग्रजी बोलतात, खेळताना बंगाली; काकूंपुढे तिन्ही भाषा एका वाक्यात बसवतात. तेरा मुलं होती. पाचाच्या खाली आली की वर्ग बंद, असा नियम काकूंनीच घालून घेतला होता. "चौघांसाठी आईबापांनी रविवारची झोप मोडायची, हे काही टिकायचं नाही," त्या म्हणत.

मग सॉल्ट लेकच्या आयटीवाल्या तरुण सभासदांनी इमारतीचं रूपांतर करायचं ठरवलं. उजेडाने भरलेली, निसर्गातून प्रेरणा घेतलेली क्रिएटिव्ह स्पेस. आर्किटेक्ट पुण्याचा, कुणाचा तरी जावई. त्याने थंडीच्या दिवसांत व्हिडिओ कॉलवर इमारत पाहिली आणि ती घुसमटल्याचं निदान केलं. ठरावाला अनुमोदन माझं. चहा आला होता आणि चर्चा लवकर संपायला हवी होती.

निसर्ग आणण्यासाठी आधी होता तो काढावा लागला. कठड्याच्या भेगेतला पिंपळ उपटला आणि त्याच्याखालच्या भिंतीवर पिंपळपानांचं भलंमोठं चित्र काढलं. वाचनालयाच्या पूर्वेकडच्या खिडक्यांच्या हिरव्या लाकडी झडपा उतरवून जमिनीपासून छतापर्यंत काच बसवली.

आमचा दरवान कित्येक वर्षं सकाळी साडेआठला या झडपा लावायचा आणि चारला उघडायचा. त्याने मला विचारलं, "साहब, अब साढ़े आठ बजे क्या बंद करूँ?" संपूर्ण प्रकल्पावरचा हा एकमेव तांत्रिक आक्षेप. तो सभासद नसल्यामुळे इतिवृत्तात आला नाही.

पुण्यात सकाळी नऊचं ऊन कोवळं असतं. इथे उन्हाळ्यात पाचलाच उजाडतं, त्यामुळे नऊपर्यंत सूर्य चांगला मुरलेला असतो. चैत्रात मुलं डोळ्यांवर वह्या धरून बसू लागली. फळ्यावर काय लिहिलंय ते काकूंनाही दिसेना. तेराची नऊ झाली, मग सहा.

काकूंनी सभेत विषय काढला. आर्किटेक्ट पडद्यावरून म्हणाला, "काकू, प्रकाशाशी नातं जुळायला थोडा वेळ द्यावा लागतो."

"नात्याला माझी हरकत नाही रे. पण हा पाहुणा पहाटेच येऊन बसतो आणि मुलांना उठवून लावतो."

त्यावर कुंड्या ठेवायचं ठरलं. पुढच्या रविवारी पाच मुलं आली. त्यातलं एक ताप अंगावर घेऊन आलं होतं.

जिन्याशेजारी एक अडगळीची खोली आराखड्यातून सुटली होती. उतरवलेल्या झडपा तिथेच पडून होत्या. दरवानाने त्यातल्या दोन तिथल्या खिडकीला टेकवून उभ्या केल्या, काकूंनी सतरंजी अंथरली, आणि सगळ्यांच्या घरी फोन केले. फटींतून उन्हाच्या बारीक पट्ट्या जमिनीवर पडत. मुलं त्यांवर वही ठेवून ओळ सरळ येते का पाहत. महिन्याभरात दहा झाली.

वैशाखात आर्किटेक्ट फोटो काढायला स्वतः आला. काचेच्या दालनात घामाने भिजला आणि सावली शोधत त्या खोलीत शिरला. वर्ग चालू होता. त्याने दारातूनच एक फोटो काढला.

"काकू, हा प्रकाश... कुणाचं डिझाइन?"

"दरवानाचं. चपला बाहेर काढ आणि मागे बस."

त्याच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर त्याच खोलीचा फोटो आहे.

पुढच्या सभेत ती खोलीही आराखड्यात घेऊन नवी करावी असा ठराव आला. चहाही आला. काकू माझ्याकडे बघत होत्या. मी कप दोन्ही हातांनी धरून बसलो, आणि ठरावाला अनुमोदक मिळाला नाही.