हबीबसर आणि ओलं सूत

कुरआन उघडण्याआधी हबीबसर रस्त्याकडची खिडकी उघडत. मोमीनपुऱ्यातल्या हातमागांची खटखट मग सरळ आत येई. एवढ्या आवाजात वाचन कसं जमतं, असं मी विचारलं, तर म्हणाले, पैगंबर काही बंद खोलीत आले नव्हते, बाजारात आले होते.

आम्ही एकाच शाळेत शिकवायचो, ते इतिहास, मी मराठी. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी विणकर जमत. चहाच्या मोहाने मीही जाऊन बसे. चमत्कारांत सरांना गोडी नव्हती. कुठल्या पैगंबराच्या गावाला कुठला रोग जडला होता, हे शोधण्याचा त्यांना नाद. सालेहच्या गावात पाणी अडवणारे, शुऐबच्या गावात काटा मारणारे. कुरआनातली आयत, म्हणजे वचन, समजावून झाली की चष्मा कपाळावर सारून ठरलेला प्रश्न येई, “हे कोणाले सांगून राह्यले? शेजाऱ्याले, का आपल्याले?”

शुऐबची आयत निघाली तेव्हा मंडळी खूश झाली. त्यांना सूत पुरवणारा शेट मुद्दाम ओलसर सूत तोलून देई आणि तेवढ्याच वजनाचं कापड परत मागे. शेट बरा सापडला, म्हणून सगळे हसले. हसणं ओसरल्यावर सरांनी विचारलं, “आन् कापडाचं थान परत देताना त्याच्यावर पानी कोन शिंपडते गा?”

हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. बोलत कोणी नव्हतं. सरांचे जिवलग गफूरभाई उठून उभे राहिले. “लुटते तो, मरतो आमी. आमाले काहून बोलता?”

“शेटलेबी सांगून आलो,” सर म्हणाले. “पन कुरआनात शुऐबले त्या लोकायचा भाऊ म्हटलं हाये. भाऊ त मी तुमचा होय न.”

पुढच्या शुक्रवारी कोणी फिरकलं नाही. सरांनी खिडकी मात्र उघडली. त्यानंतर कित्येक वर्षं श्रोता मी एकटा, आणि तोही हिंदू. त्यांच्या हट्टाचा मला रागच येई. एक शब्द मऊ बोला, माणसं परत येतील, असं मी कितीदा विनवलं. गफूरभाईंचं नाव निघालं की त्यांचा चेहरा उतरे, पण उत्तर बदलत नसे. “नूह पैगंबराचं त पोरगंबी आयकत नव्हतं. मले तुमी तरी हाये.”

सर गेले त्या सकाळी गल्लीत गर्दी मावेना. कफनाचं कापड आणायला मी बाजाराकडे निघालो, तर दारातच गफूरभाईंनी अडवलं. त्या भांडणानंतर ते प्रथमच या घराशी आले होते. काखेत स्वतःच्या मागावरचं पांढरं थान होतं. ते त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

“हात लावून पाहा सर,” ते म्हणाले. “कोरडं हाये.”