मोहाच्या झाडाला बांधलेली बंदूक

आमच्या घरी भरमार बंदूक होती. तोंडातून दारू आणि छर्रे ठासायची, शेतराखणीच्या लायसनवरची. लायसनवर नाव बाबांचं. पण त्यांच्या डोळ्यांवर पडदा आल्यापासून नेम धरायचा माझा थोरला भाऊ. लाखनीकडच्या आमच्या गावात रानडुकरं बघता बघता बांधीतलं धान लोळवून जायची.

निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागायची. त्या वर्षी ती परत आली ती गंज खाऊनच. दादाने नळी घासली, तर घोड्याजवळ केसाएवढी भेग दिसली. भंडाऱ्याच्या बंदूकवाल्याने भिंगातून पाहून सांगितलं, "नळी बदला, काका. हिचा भरोसा नाही."

बाबांना ते पटत नव्हतं असं नाही. पण नवी नळी म्हणजे लायसनवर नवा नंबर, म्हणजे ठाणं, तहसील, कलेक्टर कचेरी. साहेब दौऱ्यावर, बाबू रजेवर. तोवर धान डुकरांच्या पोटात जाणार. लोंब्या भरत आल्या होत्या. बाबांनी गावच्या लोहाराकडून भेगेत पितळ भरून घेतलं, वरून लोखंडी कडी बसवली.

मग आमच्याकडची परीक्षा. बंदूक मोहाच्या झाडाला करकचून बांधायची, दुप्पट दारू ठासायची आणि चापाला बांधलेली दोरी लांबून ओढायची. अर्धं गाव जमलं. बार झाला, नळी शाबूत. बाबांनी पुन्हा ठासायला लावली, मग आणखी एकदा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी नारळ फोडला. त्या टाळ्या आठवल्या की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. प्रत्येक बाराने पितळाखालची भेग पसरत होती आणि आम्ही खोबरं खात होतो.

आईने मात्र खोबऱ्याला हात लावला नाही.

"एवढे बार झेलले नळीनं. आता कायले बदलाची?" बाबा म्हणाले.

"झाडाले बांधून मारली तुमी," आई म्हणाली. "झाडाले का डोये असतेत?"

बाबा हसले. दादाही हसला.

चार-सहा दिवसांनी, सकाळी उजाडता उजाडता शेताकडून बार ऐकू आला. बाबा अंगणात तोंड धूत होते. "मारला वाट्टे!" ते खुशीत ओरडले आणि सुरी काढायला सांगू लागले. आई अनवाणी धावत सुटली. मी तिच्यामागे. दादा धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालत येत होता, उजव्या डोळ्यावर हात दाबून, आणि बोटांतून रक्त कोपरापर्यंत आलं होतं.

डोळा गेला. त्या हंगामात डुकरांनी काय खाल्लं आणि काय ठेवलं, हे आमच्यापैकी कोणी पाहायलाही गेलं नाही.

त्यानंतर बाबांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आणि नवी नळी आणली. काळी, तेल लावलेली, चकचकीत. त्यांनी बंदूक दादाच्या हातात दिली. सवयीने त्याने दस्ता उजव्या खांद्याला लावला, गाल टेकवला आणि तसाच उभा राहिला.

"बरोबर दिसते का?" बाबांनी विचारलं. त्यांना स्वतःला दादाचा चेहरासुद्धा नीट दिसत नव्हता.

"चांगली हाये नळी, बाबा," दादा म्हणाला. बंदूक त्यांच्या हातात परत देऊन तो गोठ्याकडे निघून गेला.