फॅन बंद करा, बोर्ड बसतोय

कॉम्प्युटर जोडून झाला की दोन-तीन स्क्रू उरतातच. कुठले ते कुणालाच सांगता येत नाही. मशीन चालू झालेलं असतं, म्हणून ते ड्रॉवरमध्ये टाकायचे आणि गप्प बसायचं. आमच्या राजारामपुरीतल्या दुकानात किस्सेही असेच साठत गेलेत. पण एकट्या वंदनाताईंच्या कॉम्प्युटरने एवढे दिले की ड्रॉवर पुरेना.

दुकान माझ्या दाजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. मी त्यांच्या हाताखाली. दाजींच्या हातात कसब आहे, पण काळीज सशाचं. जोडलेला कॉम्प्युटर गिऱ्हाइकाच्या घरी गेला की दोन दिवस त्यांना घास गोड लागत नाही. फोन वाजला की दचकतात, आणि नाही वाजला तर म्हणतात, "आज कुणाचाच फोन न्हाय. कायतरी घोटाळा हाय."

*

वंदनाताई शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत आहेत. साच्यात लोखंड ओतल्यावर ते सगळीकडे भरेल की मध्ये पोकळी राहील, हे त्या आधीच कॉम्प्युटरवर काढून बघतात. त्याला मशीन तगडं लागतं. त्यांचे वडील, आबा, अर्धांगवायूने कागलच्या घरी अंथरुणाला खिळलेले. एकट्या आईला त्यांना उचलून बसवणं होत नाही. साहेबांनी ताईंना महिनाभर घरून काम करून बघायची मुभा दिली होती. जमलं तर जमलं, नाहीतर नोकरी सोडून कागल गाठायचं. ती नोकरी गेली तर आबांचा दवाखाना कशावर चालणार, हे त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला सांगून टाकलं.

मग काउंटरवर एक कापडी पिशवी ठेवली. "भाऊ, फाउंड्रीत दाखवायला एसटीनं न्यावा-आणावा लागणार. कॉम्प्युटर ह्या पिशवीत बसला पाहिजे."

दाजींनी पिशवी हाताने मापली. "बसवू की. निम्म्या आकाराचा बोर्ड घेतला की बसतोय."

"आणि शेजारी डबा," ताई म्हणाल्या.

*

कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड. तो लहान घ्यायचा तर सगळंच बेतात बसवावं लागतं. ग्राफिक्स कार्डाला एकच जागा, रॅमला दोनच. पुढे काही वाढवू म्हटलं तर वाव नाही. आणि एवढं करून तो मोठ्या बोर्डापेक्षा महाग.

दाजी ताईंना हे समजावत होते तेव्हा प्रिंटर दुरुस्तीला आणलेले एक दूध डेअरीवाले बाकावर बसले होते. त्यांना राहवेना.

"पावणं, ह्यो केवढा?"

"हातरुमालाएवढा."

"आणि ह्यो मोठा?"

"ह्याच्या दुप्पट."

"आणि लहान महाग?"

"व्हय."

त्यांनी बोटांवर हिशोब केला. मग म्हणाले, "मग बोर्डच नको म्हटलं, तर केवढ्याला जाईल?"

ताई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. दाजी नाही हसले. एकदा घेतला की परत न करता येणारा बोर्ड आता निवडायचा होता.

*

दोन बोर्ड पसंतीला आले. एक बेताच्या किमतीचा, पण प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर उष्णता ओढून घेणारं धातूचं झाकण नाही. दुसऱ्यावर ते आहे, पण तो बराच महाग. दाजींनी पुठ्ठा कापून मापाचा खोटा बोर्ड केला आणि त्यावर पेन्सिलीने सगळे भाग काढले. तो पुठ्ठा घेऊन ते घरी गेले. जेवताना समोर तो, झोपताना उशाशी तो. निर्णय काही होईना. मीही मध्ये पडलो नाही, कारण चुकलं असतं तर खापर माझ्या डोक्यावर फुटलं असतं.

तिसऱ्या दिवशी ते आंघोळ करून आले, तर माझ्या बहिणीने त्या पुठ्ठ्यावर आमटीचं पातेलं ठेवलेलं.

"अगं, त्यावर सगळं मांडलंय मी. आमटी ठिवलीस?"

"चटकं बसू नयेत म्हणून ठिवली. तुमच्या बोर्डाला तेवढं बी सोसत नसंल तर घेऊ नका."

दाजींनी पातेलं उचललं, पुठ्ठ्यावरचा काळा डाग बघितला आणि हात पुसून झाकणवाल्या महागड्या बोर्डाची ऑर्डर दिली.

*

बोर्डाच्या मधोमध केसासारख्या बारीक पिना असतात. त्यावर प्रोसेसर अलगद ठेवायचा. एखादी पिन वाकली की बोर्ड गेला, आणि वॉरंटी त्याला हात लावत नाही. म्हणून आमच्या दुकानाचा एक नियम आहे. प्रोसेसर बसवताना फॅन बंद, फोन बंद, तोंड बंद. कोल्हापुरात एवढी शांतता फक्त आमच्याच दुकानात, आणि तीसुद्धा दोन-तीन मिनिटं.

ताईंचा बोर्ड आला. दाजींनी देवाचं नाव घेऊन पिनांवरचं झाकण उघडलं. मी फॅन बंद केला. ताई भिंतीला टेकून उभ्या. तेवढ्यात एक धिप्पाड गृहस्थ मोठ्याने हाक मारत दारात आले आणि आमच्याकडे बघून जागीच थबकले. त्यांनी चपला काढल्या, आवाज न करता आत आले आणि मान खाली घालून बाकाच्या टोकाला बसले.

प्रोसेसर बसला. दाजींनी डोळे मिटून श्वास सोडला. तसे ते गृहस्थ पुढे सरकले आणि हळूच मला म्हणाले, "कवा गेलं?"

*

सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरले, पण स्क्रीन काळी. दाजींनी सगळ्या वायरी काढून परत लावल्या, तरी काळीच. प्रोसेसर नवा आणि बोर्डातलं सॉफ्टवेअर जुनं, म्हणून बोर्ड त्याला ओळखत नव्हता. ते सॉफ्टवेअर बदलता येतं, पण बदलताना लाईट गेली तर बोर्ड कायमचा मेला. आणि आमचा यूपीएस नेमका दुरुस्तीला खोललेला.

दाजींनी सरळ वीज कार्यालयात फोन लावला. "साहेब, अर्धा तास तेवढी लाईट घालवू नका."

पलीकडचा माणूस म्हणाला, "आमी ठरवून घालवत न्हाय वो. ती जातीया."

तो अर्धा तास दाजी बटणाशेजारी उभे राहिले, जसं काही लाईट गेलीच तर ते हाताने अडवणार होते. लाईट गेली नाही. स्क्रीन उजळली तेव्हा ताईंनी पदर डोळ्यांना लावला. पिशवीत कॉम्प्युटर बसला, शेजारी डबाही बसला.

*

महिना संपायच्या दिवशी ताईंचा फोन आला. त्या शिरोलीला साहेबांसमोर होत्या. कागलच्या घरी मशीन सकाळपासून एक मोठं काम काढत होतं, संध्याकाळपर्यंत त्याचं उत्तर साहेबांना दाखवायचं होतं.

"भाऊ, आईचा फोन आलेला. म्हणाली मशीन लई तापलंय, पण काळजी करू नको, मी पट्ट्या ठेवल्यात."

"कसल्या पट्ट्या?"

"मिठाच्या पाण्याच्या. आबांना ताप आला की ठेवते तशा. आता फोन उचलत नाही ती."

शिरोलीहून कागलला पोचेपर्यंत उशीर झाला असता, आम्ही जवळ होतो. दाजींनी दुकान उघडंच टाकलं. हायवेवर गाडी मी चालवली आणि दाजी मागून एकच वाक्य म्हणत होते, "एकच बोर्ड हुता रं."

कागलच्या घरात आबा खाटेवर, वर छताचा फॅन, शेजारी टेबलावर मशीन. वरच्या जाळीवर पांढऱ्या कापडाची घडी. ताईंच्या आई, काकू, समोर वाटी घेऊन बसलेल्या.

"काकू, हे काय केलंसा?"

"पिळून ठिवलीया की. आत पाणी पाडायला मी खुळी हाय व्हय?"

दाजींनी घडी उचलली. जाळी कोरडी होती. बाजूचे पंखे जोरात फिरत होते. स्क्रीनवर काम पूर्ण झालं होतं, साच्याचं चित्र आलं होतं. मी त्याचा फोटो ताईंना पाठवला आणि फोन करून सांगितलं, तशी त्या पलीकडे मोठ्याने रडल्या.

दाजी मटकन आबांच्या खाटेवर बसले. तोंड लालबुंद, कपाळावर घामाच्या धारा. काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. वाटीतली दुसरी घडी पिळली आणि त्यांच्या कपाळावर ठेवली.

"त्याचा ताप उतरलाय. तुमालाच जास्त हाय," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "पावणं, फॅन बंद करा जरा."