मोन्सचं बुटकं दार

मोन्स केटिलसनच्या दाराला हसला नाही असा माणूस आमच्या खाडीकाठी शोधूनही सापडला नसता. घर चांगलं होतं. ओंडक्यांना टोकाशी खाचा पाडून ते एकमेकांत बसवलेले, एक खिळा नाही, फटींत शेवाळ ठासलेलं, छपराला भूर्जाची साल आणि वर माती. पण दार? उंबरा गुडघ्याएवढा आणि वरचा ओंडका छातीला लागेल एवढा खाली. आमच्याकडे सगळ्यांचीच दारं बुटकी असतात, थंडी आत येऊ नये म्हणून. मोन्सचं मात्र कोंबड्यांच्या खुराड्याशी नातं सांगणारं.

"काय रे मोन्स," शेजारचा, मूळ फिनलंडचा हेइक्की म्हणायचा, "मेलास की तुला बाहेर काढायचा कसा? घडी घालून?"

"तू आत ये, मग सांगतो."

"मी नाही येत बाबा. तुझ्याकडे यायचं म्हणजे आधी डोकं पाठवायचं, आणि बाकीचा मी मागून येणार!"

यावर मोन्स हसायचा. अर्धा कान नसल्यामुळे त्याचं हसू एका बाजूला घसरलेलं दिसायचं.

त्या कानाची गोष्ट अशी. मायदेशी, स्वीडनमधल्या वेर्मलंडच्या रानात, त्याने राजाच्या राखीव जंगलातलं सांबराहूनही मोठं एल्क हरीण भाल्याने पाडलं. पकडला गेला तेव्हा ते निम्मं खाऊन झालं होतं. न्यायाधीशांनी विचारलं, "फास, की अमेरिकेतल्या वसाहतीला, नव्या स्वीडनला जाणारं जहाज?" याने उलट विचारलं, "जहाजावर जेवायला देतात का?" कचेरी हसली. मग त्याला ओंडक्यावर वाकवला, मानेवर लाकडी खोडा ठोकला आणि पाठीची साल काढली. वाकलेल्या मोन्सला तेव्हा फक्त बूट दिसत होते. मारणारा कोण, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. जहाजावर तापाने माणसं पटापट मेली. एका मेलेल्याच्या घोंगडीसाठी हा आणि एक स्मोलंडचा लोहार भिडले. घोंगडी मोन्सला मिळाली, अर्धा कान लोहाराच्या दातांत राहिला.

इथे उतरल्यावरही हात शांत नव्हते. किल्ल्यावर दोनदा कोठडी झाली. बोटिल नावाच्या विधवेच्या बिअरच्या पिंपात न विचारता पेला बुडवला, तेव्हा तिने लाकडी पळी त्याच्या टाळक्यावर मोडली. ईस्टरला दोघांचं लग्न झालं. पळीचे तुकडे बोटिलने जपून ठेवलेत. "लागतील परत," ती म्हणते.

दोघांना मूल नव्हतं. गाय होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली स्तेर्ना. ती कालवड असताना बोटिलने तिला नदीकाठच्या वस्तीवरून मका देऊन आणली आणि थंडीत घरातच बांधली. स्तेर्नासुद्धा त्या दारातून मान खाली घालून, उंबरा एकेक पाय उचलून ओलांडायला शिकली होती. मोन्सला त्या गाईचा भारी अभिमान. "बघ हेइक्की, गाईला जमतं ते तुला जमत नाही!"

मग त्या सप्टेंबरात आमची वसाहत बळकावायला डच आले. सात जहाजं, तोफा, आणि किल्ल्याभोवती खंदक. किल्ला त्यांना उपाशी मारायचा होता, त्यामुळे सैनिकांना काम थोडं आणि भूक फार. ते टोळ्यांनी खाडीकाठच्या घरांत घुसू लागले. डुकरं कापली, बायकांच्या अंगावरचे कपडे उतरवले. हेइक्कीने अडवलं तर त्याच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता बसला. रक्ताने भरलेल्या तोंडाने तो मोन्सच्या कुंपणाशी आला.

"गाय रानात सोड. तीन जण येतायत."

"रानात लांडगे आहेत."

"मग इथे कोण आहेत, पाद्री?"

तो रानात पळाला. बोटिलने स्तेर्नाला आत घेतलं. मोन्सने कुऱ्हाड घेतली आणि दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"म्हाताऱ्या, तीन आहेत ते," बोटिल म्हणाली.

"दार एक आहे."

पहिला सैनिक शिट्टी वाजवत आला. आढ्याला काठीवर ओवलेल्या, राय धान्याच्या, मधे भोक पाडलेल्या भाकऱ्या त्याला बाहेरूनच दिसल्या असाव्यात. उंबऱ्यावर पाय, हात चौकटीला, आणि डोकं आत. मोन्सने कुऱ्हाड एकदाच घातली. शिट्टी मध्येच तुटली. तो अडकला असं समजून बाहेरच्या दोघांनी हसत त्याला पाय धरून ओढला, आणि जे बाहेर आलं ते पाहून एक जण ओकला.

मग त्यांनी दारातून गोळी झाडली. ती चुलीवरच्या भांड्याला लागली. आत शिरायला कुणी तयार नव्हतं. खुराड्यात शिरायची अक्कल कोल्ह्यालाही असते. पण खुराडं पेटवायची अक्कल माणसालाच. छपराच्या कडेची साल धडधडून पेटली.

धूर खाली उतरला तसं मोन्सला उमगलं. ते दोघे आता दाराच्या दोन बाजूंना तलवारी उपसून उभे होते. आपलंच दार, आपलाच उंबरा, आणि बाहेर पडायचं म्हणजे आधी डोकं पाठवायचं. त्याला पुन्हा नुसते बूट दिसत होते, चौकटीच्या दोन्ही बाजूंना एकेक जोडी.

"दुसरं दार का नाही केलंस?" बोटिल खोकत ओरडली.

"थंडी येते!"

"आता ये म्हणावं!"

स्तेर्ना दावं तोडायला बघत होती. बोटिल तिच्याकडे पाहत राहिली, तिच्या कपाळावरच्या ठिपक्यावर हात ठेवला आणि मग दावं कापलं. मोन्स काही बोलायच्या आत तिने पेटता खराटा उचलून गाईच्या पुठ्ठ्याला लावला.

स्तेर्ना हंबरली आणि शिकवल्याप्रमाणे मान खाली घालून, शिंगं पुढे करून दारातून सुटली. एका सैनिकाची तलवार तिच्या पोटात गेली. त्याच क्षणी तिचं शिंग त्याच्या पोटात. दुसरा वळला, तेवढ्यात मोन्स रांगत बाहेर पडला आणि कुऱ्हाड त्याच्या गुडघ्यात घातली. तो खाली आला. मग दुसऱ्यांदा घातली. शिंग लागलेला आतडी हातात धरून आईला हाका मारत होता. त्याला बोटिलने गप्प केलं. तिघांना ओढून त्यांनी पेटत्या घरात टाकलं.

गाय खाडीपर्यंत गेली आणि पाण्यात गुडघ्यांवर बसली. सुरी बोटिलनेच चालवली. त्या गाईचं मांस हेइक्कीने खाल्लं, मोन्सने खाल्लं. बोटिलने महिनाभर नुसता सलगम खाल्ला.

किल्ला पडला. हिवाळ्याच्या तोंडावर एक डच हवालदार नव्या धन्याशी इमान राखायची शपथ लोकांकडून घ्यायला घरोघर हिंडत आला. मोन्सचं नवं घर जुन्या राखेवरच उभं होतं, आणि दार तेवढंच बुटकं.

"आमचे तिघे इकडे आले होते," हवालदार म्हणाला. "परत आले नाहीत."

"आत या की," मोन्स म्हणाला. तो दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीशी बसून कुऱ्हाडीला दगड लावत होता. "बाहेर गारठा आहे. आत बसून बोलू."

हवालदाराने उंबरा पाहिला. वरचा ओंडका पाहिला. राखेत काही शोधावं तर ते या घराच्या जमिनीखाली होतं, आणि तिथे जायची वाट ही एवढीच. हात आपोआप मानेमागे गेला.

"नको. शपथ इथूनच घे."

"तुम्ही म्हणाल तसं."

गारांचा पाऊस सुरू झाला. मोन्सने आत कोरड्यात, चुलीशी उभं राहून, ताठ मानेने शपथ घेतली; हवालदार बाहेर भिजत शब्द सांगत होता. शपथ संपली आणि तो गेला. तिघांचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

त्या हिवाळ्यात हेइक्कीने आपल्या दाराला एक ओंडका वाढवून ते खाली घेतलं. मग पलीकडच्या लासेने, मग सगळ्यांनीच. पण मोन्सने आपल्या घराला आणखी एक दार केलं, मागच्या भिंतीत. रुंद, उंबरा नसलेलं, गाय मान वर करून जाईल एवढं उंच.

"गाय कुठाय?" हेइक्कीने विचारलं.

"थंडी येते त्यातून. येऊ दे," बोटिल म्हणाली, आणि दार उघडंच ठेवलं.